वेल्टाकाकूंचा आयवार

सॅक माळ्यावर आहे, काढून देते. एक पट्टा तेवढा उसवलाय, तो शिवून घे. पण आधी बस, औस्तेया. चहा टाकलाय आणि बाहेर अजून धुकं आहे. तुझी बस काही आत्ता नाही.

शनिवार-रविवार रिगाला चाललात तुम्ही मैत्रिणी. जा की. या वयात नाही जायचं तर कधी? मघाशी तू विचारलंस, "मावशी, रिगाचं नाव काढलं की आईचा चेहरा असा का होतो?" ती सांगणार नाही. तिला वाटतं, त्या रविवारी ती एक वाक्य बोलली नसती तर सगळं वेगळं झालं असतं. तसं काही नाही. पंचवीस वर्षं मी तिला हेच सांगतेय. आणि खरं म्हणजे ती गोष्ट तिच्यापेक्षा माझी जास्त आहे, तेव्हा मीच सांगते.

आम्ही चौघं होतो. तुझी आई वाइवा, तुझे बाबा दोमास, मी आणि रीतिस. विल्नियसला भूगोल शिकत होतो, तिसरं वर्ष. तुझ्या आईबाबांचं तेव्हाच ठरल्यासारखं होतं. दिवसातून तीनदा भांडायचे, त्यावरूनच कळायचं. माझं आणि रीतिसचंही दोन वर्षं चाललं होतं.

रीतिसला कुणी नव्हतं. पानेवेझिसच्या अनाथालयात वाढलेला. मार्चमधल्या एका सकाळी तिथल्या पायरीवर सापडला, नाळ पडून आठवडाही झाला नव्हता. सकाळी सापडला म्हणून नर्सबाईंनी सकाळचं नाव ठेवलं, रीतिस. तो हे हसत सांगायचा. "आडनाव नर्सच्या नवऱ्याचं, वाढदिवस सरकारी आणि नाव घड्याळ बघून ठेवलेलं." काळ्या केसांचा, किडकिडीत, लांब बोटांचा. ताटात घासही टाकायचा नाही. आणि एक सवय होती त्याची. मागून हाक मारली तर लगेच वळायचा नाही. क्षणभर थांबायचा, जणू ती हाक दुसऱ्या कुणाला असेल.

त्या वर्षी मृतांच्या दिवसाची सुट्टी सोमवारी आली होती. सगळं वसतिगृह आपापल्या गावी निघालेलं, घरच्यांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायला. रीतिस म्हणाला, "माझी कुठे थडगी आहेत? खोलीवर बसून भिंतीला मेणबत्ती लावू?" तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं, यंदा मी येत नाही.

"आणि आजोबांना काय सांगू?" आई म्हणाली.

"सांग, नातीची परीक्षा आहे."

"मेलेल्या माणसांना खोटं सांगायचं नसतं, गिंतारे." तिने फोन ठेवून दिला.

रिगाची कल्पना दोमासची. चार-पाच तासांचा रस्ता, मध्ये लात्वियाच्या सरहद्दीवर पासपोर्ट दाखवायचे. चौघांचे पासपोर्ट माझ्या बॅगेत होते, कारण मी वस्तू हरवत नाही असा माझा लौकिक होता. मी मनाशी एक ठरवलं होतं. या फेरीत रीतिसला विचारायचं, नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरी जेवायला येशील का? त्या जेवणाला घरच्या माणसाखेरीज कुणाला बोलवत नाहीत. मी काय विचारतेय ते त्याला बरोबर कळलं असतं.

शुक्रवारी दुपारी तीनला उतरलो. बसस्थानकाबाहेर तेव्हा बायका पुठ्ठ्यावर 'खोली' असं लिहून उभ्या असायच्या. पाच-सहा जणींनी दोमासला गराडा घातला. एक मात्र लांब भिंतीशी उभी होती. साठी उलटलेली, राखाडी लोकरीची शाल, पुठ्ठा छातीशी धरलेला, तोही उलटा. अक्षरांचे पाय वर. तिला त्या पुठ्ठ्याशी काही देणंघेणं नसावं असं वाटत होतं. ती फक्त बसच्या दाराकडे बघत होती. रीतिस सगळ्यांत शेवटी उतरला, आणि तिच्या हातातून पुठ्ठा पडला.

ती सरळ चालत आली आणि त्याच्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली.

"चला. गारठा आहे," रशियनमध्ये म्हणाली.

"काकू, लांब आहे का हो?" दोमासने विचारलं.

"नदीपलीकडे. किपसाला बेटावर."

पूल ओलांडताना वाइवा माझ्या कानाला लागली. "बघ, म्हातारीने तुझ्या माणसाची बॅग उचलली. माझी कुणी उचलत नाही."

"दोमासला सांग."

"तो स्वतःचीच मला देतो."

आम्ही हसत होतो. खाली दौगावा काळीभोर वाहत होती. साडेचार वाजले नाहीत तोच अंधारून आलं होतं.

घर अगदी पाण्याकाठी होतं, लाकडी, डांबर फासलेलं. आत शिरल्याबरोबर बर्चच्या लाकडाच्या धुराचा, धुरावलेल्या माशांचा आणि ओल्या लोकरीचा वास आला. दाराआतली बोळ अंधारी होती. तिथे एक फळी बोटभर वर आली होती. दोमास अडखळला, वाइवा अडखळली, मी तर पडलेच. रीतिस आमच्या पुढे होता. तो नेमका त्या जागी पाय उचलून पुढे गेला होता. वळणावर एक ठेंगणी तुळई होती, तिच्याखाली डोकंही वाकवलं त्याने. अंधारात, न बघता.

"तुला कशी दिसली?" मी विचारलं.

"काय?"

"ती फळी."

"कुठली फळी?"

वेल्टाकाकूंनी, त्यांचं नाव वेल्टा, जेवायला करडे वाटाणे आणि डुकराच्या चरबीचे तुकडे वाढले. पहिलं रीतिसला. त्या स्वतः जेवल्या नाहीत. त्याचा चमचा धरलेला हात वर जाताना, खाली येताना बघत राहिल्या. मग त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. रीतिसने मान न उचलता दोन शब्दांत उत्तर दिलं.

आमचे चमचे थांबले.

"काय म्हणालास?" वाइवाने विचारलं.

"मीठ बरोबर आहे म्हटलं. त्यांनी विचारलं ना."

"त्यांनी लात्वियनमध्ये विचारलं, रीतिस. आणि तूही लात्वियनमध्येच बोललास."

"हो का?" तो गोंधळला.

"त्यात काय?" दोमास म्हणाला. "आपली लिथुआनियन आणि त्यांची लात्वियन, भाषा बहिणीबहिणी. मलाही अर्धं कळतं."

"मग त्या काय म्हणाल्या सांग."

"ते दुसरं अर्धं होतं."

पुन्हा हसलो. काकू हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, चुलीच्या धुराने असेल.

शनिवारी सकाळी मला एका आवाजाने जाग आली. बाहेर नुकतं फटफटत होतं. लांब कुठेतरी कुणी जड टेबल फरशीवरून ओढत न्यावं तसा कण्हता, लांबलचक आवाज. मग कडाड्... आणि पुन्हा शांत. मी तळ्याकाठी वाढलेली मुलगी. तो आवाज मला झोपेतही ओळखू येतो. बर्फ फुटत होता. मी उठून खिडकीशी गेले. नदीवर बर्फाची कपचीसुद्धा नव्हती. ऑक्टोबरचे शेवटचे दिवस, पाणी मोकळं वाहत होतं.

पाण्याकाठच्या लाकडी धक्क्यावर वेल्टाकाकू उभ्या होत्या, पाठमोऱ्या. शेजारी रीतिस. फळ्यांवर दहिवर गोठलं होतं आणि तो अनवाणी होता. दोघं बोलत नव्हते. एकाच दिशेला बघत होते फक्त.

तो आत आला तेव्हा त्याचे केस निथळत होते.

"आंघोळ केलीस?"

"नाही." त्याने हात लावून पाहिला आणि बोटांकडे बघत बसला. मी टॉवेलने त्याचं डोकं पुसलं. केसांना शेवाळाचा आणि मिठाचा वास येत होता. नदीचा नव्हे, समुद्राचा.

दिवसभर शहरात हिंडलो. तो वाइवाच्या विनोदांना हसत होता, माझा हात धरत होता. म्हणून मी सकाळचं मनातून काढून टाकलं. दुपारी मोठ्या बाजारात गेलो. मासळीच्या दालनात शिरायचं म्हटलं की रीतिस नेहमी दाराशी थांबायचा. अनाथालयात रोज उकडलेला कॉड खाऊन त्याला माशांची शिसारी बसली होती. त्या दिवशी मात्र तो सरळ आत गेला, एका गाळ्यासमोर उभा राहिला आणि भाजलेल्या सापासारखे दिसणारे लांबोडके मासे मागून घेऊन तिथेच बोटांनी खाऊ लागला. खाता खाता मासळीवालीशी गप्पा मारत होता. तिच्याच भाषेत. न अडखळता.

बाई खूश झाली. मला रशियनमध्ये म्हणाली, "तुमचा नवरा किपसालाचा का? आमचे आजोबा असं बोलायचे. आता असं बोलणारं कुणी राहिलं नाही."

वाइवाने माझा दंड घट्ट धरला. दोमासला या वेळी विनोद सुचला नाही.

परत येताना शेजारच्या अंगणात एक म्हातारा लाकडं फोडत होता, आर्विद नावाचा. रीतिस पुढे निघून गेला. त्याला जाताना बघून म्हाताऱ्याची कुऱ्हाड हवेतच थांबली.

"वेल्टाकडे उतरलात?" त्याने विचारलं. "ती तर कुणाला ठेवून घेत नाही."

"बसस्थानकावर पुठ्ठा घेऊन उभ्या होत्या," मी म्हटलं.

"ती रोजच उभी असते. पुठ्ठा हातात असला की कुणी हटकत नाही, म्हणून धरते. बावीस वर्षं झाली." तो ओंडक्यावर बसला. "मुलगा होता तिचा. आयवार. विद्यापीठात होता, तुमच्यासारखाच. मार्चमध्ये मित्रांबरोबर दोन दिवसांसाठी गेला, खाडीच्या बर्फावर मासे धरायला. रविवारच्या बसने येतो म्हणाला होता. बर्फाचा तुकडा तुटला आणि वाहत निघाला. बाकीच्यांना काढलं. तो सापडलाच नाही. एकवीस वर्षांचा होता."

"काका..." मी विचारलं. "तो दिसायला कसा होता?"

"घरात फोटो आहे की. बघा जाऊन."

मी जवळजवळ धावतच आत गेले. फोटो चुलीवरच्या फळीवर होता. गोरापान, रुंद चेहऱ्याचा, पिवळ्या केसांचा, दणकट मुलगा. हसत होता आणि समोरचा एक दात अर्धा तुटलेला होता. रीतिससारखं त्यात काहीच नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं, औस्तेया, की मी फोटो उचलून त्याच्याकडे नेला.

"हे बघ. यांचा मुलगा. तुझ्याशी एक केससुद्धा जुळत नाही."

तो फोटोकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "होडीचं वल्हं लागलं. त्या उन्हाळ्यात."

"काय?"

"दाताला..."

"तुला कसं माहीत?"

"माहीत नाही. गिंतारे, मला भीती वाटतेय. पण... कशी सांगू? वाईट भीती नाही. अंधारातून घरी येताना अगदी दाराशी आल्यावर वाटते ना, तशी."

मी फोटो जागेवर ठेवला. मागे वेल्टाकाकू उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता. दया होती. ती मला जास्त झोंबली.

रविवारी चारची बस होती. दोनला आमच्या बॅगा भरून झाल्या. रीतिस खिडकीशी बसून जाळं विणत होता. त्याची बोटं अशी चालत होती, जणू दुसरं काही त्यांनी कधी केलंच नाही.

"ऊठ ना," मी म्हटलं. "उशीर होतोय."

"मी उद्याच्या बसने येतो."

"का?"

"ती एकटी आहे."

"तूही एकटाच होतास. तेव्हा कुठे होती ही?"

हे बोलायला नको होतं. तो रागावला नाही. जाळं मांडीवर ठेवलं आणि मला शेजारी बसवलं.

"काल संध्याकाळी तिने मला मागून हाक मारली. मी लगेच वळलो, गिंतारे. विचार न करता. आयुष्यात पहिल्यांदा."

"कुठल्या नावाने मारली?"

त्याने मांडीवरच्या जाळ्याची एक गाठ घट्ट केली.

"दोन वर्षं मी तुला हाक मारतेय, रीतिस."

"हो. आणि प्रत्येक वेळी मला आधी आठवावं लागायचं, की हे माझं नाव आहे."

मला रडू फुटलं. मग मी कशीबशी ती गोष्ट विचारली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, आमच्या घरी, जेवायला. त्याचा चेहरा पूर्वीसारखा झाला, अगदी माझा झाला.

"तुझी आई माझ्यासाठी ताट मांडेल?"

"मांडेल."

"मी गेल्यावर उचलणार नाही ना?"

"वेडा आहेस का?"

त्याने माझ्या हातांत तोंड लपवलं. त्याची आसवं गरम होती. हे मी मुद्दाम सांगतेय, पुढे तुला कळेल का ते. "मग येतो," तो म्हणाला. "उद्या नक्की. आजचा एक दिवस राहू दे फक्त."

दारात तुझी आई उभी होती, पाठीवर सॅक घेऊन. तिचेही डोळे भरले होते. ती म्हणाली, "राहू दे गं त्याला. एक दिवस आईचे लाड करून घेऊ दे. उद्या येईलच की."

हेच ते वाक्य. यात तिचं काय चुकलं? मीही तेच म्हणणार होते.

सरहद्दीवर शिपायाने पासपोर्ट मागितले तेव्हा बॅगेतून चार निघाले. त्याचा पासपोर्ट माझ्याकडे, तो येणार कसा? सोमवारी फोन नाही. मंगळवारी पहाटेच्या बसने मी एकटी परत गेले.

दुपारचे बारा वाजले होते. हिमाचे पहिले कण पडत होते. वेल्टाकाकूंनी दार उघडलं. त्या दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. केसांची वेणी घातली होती, ओठांवर हसू होतं. त्यांच्या मागे, टेबलाशी तो बसला होता. रीतिसच. तेच काळे केस, तीच लांब बोटं.

त्याने त्यांच्या भाषेत विचारलं. भाषा येत नसली तरी तेवढं कुणालाही कळलं असतं. "कोण आहे, आई?"

"रीतिस," मी म्हटलं, "पासपोर्ट राहिला होता माझ्याकडे. चल ना."

तो उठून उभा राहिला, अनोळखी बाई आली की उठतात तसा. रशियनमध्ये अदबीने म्हणाला, "आपण कुणाला शोधताय?" आणि हसला. त्याचा समोरचा एक दात अर्धा तुटलेला होता.

मी पुढे होऊन त्याचा हात धरला. औस्तेया... तो हात रविवारी माझ्या मांडीवर होता. आता तो असा गार होता, की धरवेना. त्याने सोडवून घेतला नाही. काळजीने माझ्याकडे बघत म्हणाला, "तुमचा हात फार गरम आहे. ताप आहे का तुम्हाला? आई, यांना चहा दे."

वेल्टाकाकूंनी मला खांद्याला धरून बाहेर फाटकापर्यंत आणलं. माझा स्कार्फ नीट गुंडाळला.

"मुली, नेऊ नकोस त्याला," त्या म्हणाल्या. "तू तरुण आहेस. तुला कुणीतरी भेटेल. मला आता कोण भेटणार आहे?"

मला त्यांचा इतका राग आला, की गुंडाळलेला स्कार्फ मी ओढून काढला.

मी पोलिसांकडे गेले. ते बेटावर जाऊन आले. आई आणि मुलगा राहतात म्हणाले, कागद बरोबर आहेत. त्यातला एक वयस्कर हवालदार मला जिन्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "कागदावर तो त्रेचाळीस वर्षांचा आहे. जरा तरुण वाटतो, एवढंच." आर्विदकाकांना गाठलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "आयवार? तो कुठे गेला होता? तो इथेच असतो," म्हणाले आणि लाकडं फोडत राहिले. दोन घाव तर ओंडक्याला लागलेच नाहीत.

विद्यापीठाच्या अर्जावर 'बेपत्ता' लिहिलं. जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात मी माझं नाव घातलं. दुसरं कुणी नव्हतं. अनाथालयातल्या त्या नर्सबाई निवृत्त झाल्या होत्या. त्यांना फोन केला, तर त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "त्याला नाव मी दिलं होतं हो. बरोबर नव्हतं का ते?"

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आईने ताट मांडलं. आपल्याकडे गेलेल्या माणसांसाठी एक ताट मांडतातच, त्याच्या शेजारी हे दुसरं. तिने मला हळूच विचारलं, "याच्यापुढे मेणबत्ती लावू, की नको?" मेलेल्याला लावतात, जिवंत माणसाला लावत नाहीत. ती मेणबत्ती हातात घेऊन तशीच उभी राहिली बिचारी.

मला कुणी भेटलं नाही. म्हणजे भेटले असतील. मीच मागून हाक ऐकली की थांबायला लागले होते. दहा-अकरा वर्षांनी वेल्टाकाकू वारल्याचं कळलं. आर्विदकाका त्याआधीच गेले होते. मी गेले नाही. तुझ्या आईला वचन दिलं होतं, पुन्हा त्या बेटावर पाऊल टाकणार नाही म्हणून.

गेल्या वर्षी ते वचन मोडलं. वाइवाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. ऑक्टोबरचा शेवट होता. आजूबाजूला आता नवी घरं झाली आहेत, काचेची, श्रीमंतांची. ते एक तसंच आहे. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, अंगणात कमरेएवढं गवत, धुराड्यावर पक्ष्याचं घरटं. सकाळचे अकरा वाजले होते, स्वच्छ ऊन होतं. मी फाटकाबाहेर उभी होते. केस पांढरे झालेले, गळ्यातल्या साखळीला वाचायचा चष्मा अडकवलेला, अंगावर राखाडी कोट. सेहेचाळीस वर्षांची बाई. मनात म्हटलं, बघितलंस ना, आता जा.

तेवढ्यात दार उघडलं.

तो उंबऱ्यात उभा होता. एकवीस वर्षांचा. एक दिवसही मोठा झालेला नाही. बाहीत हात घालून थंडीने अंग चोरून उभा. उन्हाकडे बघून डोळे बारीक केले, आणि मग मी दिसले त्याला. वाटलं, आता ओळखेल. निदान पूर्वीसारखं विचारेल, आपण कुणाला शोधताय?

त्याचा चेहरा उजळला. लहान मुलाचा उजळतो तसा.

"आई," तो म्हणाला, "किती उशीर केलास गं..."

मी वळले. हे मला पक्कं आठवतं. फाटकाच्या कडीला मी हातसुद्धा लावला नव्हता. पाठ फिरवली आणि पुलाच्या दिशेने पहिलं पाऊल टाकलं. त्यानंतरचं जे आठवतं ते बसस्थानक. मी बसमध्ये खिडकीशी बसले होते आणि समोरच्या घड्याळात चार वाजले होते. बेटापासून तिथवर चालत पाऊण तास लागतो. मधले चार तास कुठे गेले, मला सांगता येत नाही.

बस शहराबाहेर पडली तेव्हा हातांकडे लक्ष गेलं. नखांत काहीतरी पांढरं सुकलं होतं. वास घेतला. कच्च्या बटाट्याचा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. डाव्या अंगठ्यावर सोलताना सुरी लागावी तशी चीर होती आणि तिच्यावर जुन्या कापडाची पट्टी बांधलेली. पट्टीची गाठ मनगटाच्या मागच्या बाजूला होती. स्वतःची स्वतःला एका हाताने मारता येणार नाही अशी.

बांधणाऱ्याने ती फार जपून बांधली होती. रक्त थांबेल आणि आईला दुखणार नाही, इतकीच घट्ट.